दात बघून आणलेला कुत्रा

मला म्हातारा कुत्रा पाहिजे होता. तसं मी तिथल्या माणसाला आल्या आल्या सांगितलं. रस्त्यावरची कुत्री आणून ठेवतात असं एक ठिकाण सोलापूरच्या बाहेर आहे, वर पत्रे आणि खाली जाळीचे खण. तो माणूस बादली घेऊन उभा होता. त्याला वाटलं, मी काहीतरी उलटंच बोलून गेले.

"आजी, म्हातारी कुत्री कुणी नेत न्हाय. पिल्लू बघा की. लवकर लळा लावतंय."

"लळा नको. म्हातारं दाखव."

"किती म्हातारं?"

"माज्या आदी मरंल इतकं."

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा तोही थांबला.

माझी थोरली बहीण करकंबला होती. ती गेली तेव्हा तिचं कुत्रं चार वर्षांचं होतं, धडधाकट. तेराव्याची जेवणं झाली, माणसं पांगली, दाराला कुलूप लागलं आणि कुत्रं त्या कुलपाखाली बसलं. मी दोनदा आणायला गेले, दोन्ही वेळा ते दार सोडेना. पोरं दगड मारायची. कोणी भाकरी टाकली तर खायचं. पुढे हंगामात उसाच्या ट्रॅक्टरखाली सापडलं. बहीण तिच्या वयाने गेली, त्याचं मला फार वाटलं नाही. कुत्र्याचं वाटलं.

माझा नवरा गेल्यावर घरात मी एकटीच राहिले. मुलगा पुण्याला असतो. त्यांच्या इमारतीत कुत्रं चालत नाही, हे त्याने मी न विचारताच फोनवर सांगितलं होतं. घरात काहीतरी हलतं-चालतं असावं असं मला वाटत होतं, पण ते माझ्यामागे उरायला नको होतं. म्हणून म्हातारा कुत्रा.

माझं माहेर सांगोल्याकडचं, मेंढरं पाळणारं. आमच्यात मेंढराचं वय विचारत नाहीत, तोंड उघडून बघतात. अंगठ्याने खालचा ओठ खाली ओढायचा. बारीक दुधाचे दात असले तर वर्षाच्या आतबाहेरचं. मधले दोन मोठे दात आले की दोन दाती, पुढे चार दाती, सहा दाती, आणि आठ झाले की तोंड जुळलं. त्यानंतर दात फाकतात, झिजतात, तुटतात. तसं तोंड दिसलं की मेंढी बाजाराला काढायची. हे मला वडिलांनी शाळेत घालायच्या आधी शिकवलं. बाजारात व्यापारी खोटं बोलायचे, दात बोलायचे नाहीत.

तिसऱ्या खणात तो बसला होता. भुरा, बरगड्या दिसणारा, तोंडावर पांढरे केस. बाकीची कुत्री जाळीवर उड्या मारत होती, याने नुसतं बघितलं आणि परत मान खाली घातली. मी आत गेले, खाली बसले आणि त्याचा खालचा ओठ ओढला. पुढचे दात हिरडीपर्यंत झिजलेले, दोन तुटलेले. मेंढी असती तर मी तिला आठ वर्षांची म्हटलं असतं. चालवून बघितला, तर पाय ओढत चालला.

"ह्यो दे," मी म्हटलं. "सात-आठ वर्साचा हाय."

"वय मला न्हाय सांगता येत. गुरुवारी डॉक्टरीणबाई येत्यात, त्या बघून सांगतील. तवर थांबा की."

"दात बघायला डॉक्टर कशाला लागतोय?"

त्याने कागदावर माझा अंगठा घेतला नाही, मी सही केली. वयाच्या जागी त्याने मी सांगितलं ते लिहिलं. कुत्रं दहा-अकरा वर्षं जगतं. म्हणजे तीन वर्षं, फार तर चार. मला त्र्याहत्तर चालू होतं. जमण्यासारखं होतं.

मी कुंभारीला कामगारांच्या घरांत राहते. शेजारीण विड्या वळते. दिवसभर सूप मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसलेली असते. तिच्या घरात तेलुगू बोलतात, माझ्याशी ती मराठीत बोलते, पण मला अव्वा म्हणते, म्हणजे आजी. चाळिशीची असेल. कुत्रा पहिल्या दिवशी तिच्या सुपाजवळ गेला, तंबाखूचा वास घेतला आणि शिंकत परत आला.

"अव्वा, हे काय हाडं आणलीत? आठ दिवस टिकतंय का बघा."

"तसंच बघून आणलंय."

मी त्याला भाकरी-ताक घालत होते, कधी मटणाच्या दुकानातली हाडं. आठ दिवस काय, तो महिन्यात पायावर नीट उभा राहिला. गळ्यातला पट्टा घट्ट झाला, मी एक भोक पुढे सरकवलं. अंग धरलं, म्हटलं. आखाडात अजून एक भोक सरकवलं. तरी मला काही कळलं नाही, कारण मला जे कळून घ्यायचं नव्हतं ते मी बघत नव्हते. उपाशी म्हातारं जनावर खायला मिळालं की भरतं, हे मी बघितलेलं होतं.

पण भरणं वेगळं आणि उंच होणं वेगळं. घरापुढे माझा बसायचा कट्टा आहे. आणला तेव्हा कट्ट्यावर हनुवटी ठेवायला त्याला मान वर करावी लागायची. गणपतीच्या आधी एका सकाळी मी ज्वारी निवडत होते आणि तो येऊन उभा राहिला. हनुवटी ठेवायला त्याला मान खाली वाकवावी लागली. मी ज्वारीचं ताट बाजूला ठेवलं. त्याच्या पाठीवर वीत लावली, पुन्हा लावली. म्हातारं जनावर उंच होत नाही. कुठलंच होत नाही.

शेजारीण बघत होती. "काय मोजताय?"

"वाढतंय हे."

"मग चांगलं आहे की."

"तुला न्हाय कळायचं."

दुसऱ्या दिवशी मी त्याला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. चालतच गेले, रिक्षावाले कुत्रं घेत नाहीत. तिथल्या डॉक्टरीणबाई पोरसवदा होत्या, पण हात धीट होता. त्यांनी पुढचे दात बघितले, मग मी कधी बघितलं नव्हतं ते केलं. गालाचा ओठ बाजूने वर उचलला. आत दाढा होत्या, पांढऱ्या, टोकदार, कोऱ्या.

"हे पुढचे दात वयाने झिजले नाहीत, आजी. कोणीतरी याला बांधून ठेवलं होतं आणि हा साखळी चावत होता. वर्षाचा झाला असेल नुकताच."

"दोन दाती, चार दाती असं काय..."

"ते मेंढरांचं. कुत्र्याचे सगळे दात सात महिन्यांच्या आत येऊन जातात. नंतर मोजून काही कळत नाही."

"आन् तोंडावरचं पांढरं?"

"जन्माचंच आहे. उपाशी राहून खुरटला होता, तुम्ही खायला घातलंत, त्याने राहिलेली वाढ काढली. कारवानी शिकारी जात मिसळलेली दिसते, अजून थोडा वाढेल."

"किती जगंल?"

"नीट सांभाळलात तर बारा वर्षं सहज. चांगली बातमी आहे की ही."

"कुणाला?"

त्यांनी सुईत औषध भरलं. सुई टोचली, कागद दिला.

येताना मी रस्त्यात दोनदा बसले. बारा वर्षांनी मी पंच्याऐंशीची असते. आमच्या घरात बायका तेवढ्या जगत नाहीत, बहीण एकोणऐंशीला गेली ती सगळ्यांत जास्त जगलेली. परत नेऊन द्यावा असंही मनात आलं. पण पुन्हा जाळीत घालायचा तर बाहेर काढायलाच नको होता. आणि चूक त्या बादलीवाल्याची नव्हती. त्याने थांबा म्हटलं होतं.

मग भाच्याचं आठवलं. माझ्या भावाचा मुलगा अजून मेंढरं राखतो. दिवाळीनंतर कळप फिरत आमच्या बाजूला येतो, शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. यंदा तो आमच्यापासून दोन कोसांवर उतरला होता. मी कुत्रा घेऊन गेले. मनात पक्कं होतं की दोरी त्याच्या हातात द्यायची आणि परत बघायचं नाही.

भाच्याने कुत्र्याभोवती एक फेरी मारली. छाती बघितली, पाय बघितले.

"देखणं हाय, आत्या. किती दिसाचं?"

"सव्वा वर्साचं."

"मेंढरं बगितल्यात का ह्यानं?"

"न्हाय."

"मग कशाला आणलंस गं? तुला ठावं न्हाय व्हय? आमी पिल्लू दूध पितंय तवाच मेंढरात टाकतो. ते कोकरांत निजतंय, मेंढराचा वास त्येला आईचा वाटतो. ह्ये आता थोराड झालं."

मला ठाऊक होतं. वडिलांनी तेही शिकवलं होतं. "सोडून तर बग," मी म्हटलं.

त्याने सोडला. कुत्रा आधी थबकला, मग सरळ कळपात घुसला. मेंढरं फुटली. त्याने एक कोकरू गाठलं आणि त्याचा कान धरला. राग नव्हता, खेळत होता. भाच्याने काठी फेकून त्याला हाकललं तोवर कोकराचा कान फाटला होता. भाच्याची बायको कानाला हळद लावत राहिली.

"न्हाय जमायचं, आत्या," भाचा म्हणाला. "बांधून ठेवतो म्हटलं तर ठेवीन. पण बांधूनच."

मी दोरी परत घेतली. साखळी चावून त्याचे दात गेले होते ते मी बघितलं होतं. माझ्यासाठी तो फार लहान होता आणि मेंढरांसाठी फार मोठा.

घरी आल्यावर मी शेजारणीच्या उंबऱ्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. तिने विडी वळायची थांबवली नाही.

"माझ्यामागं तू बघशील का ह्याला?"

"तुमच्यामागं म्हणजे कधी?"

"ते काय सांगता येतंय व्हय?"

"तुमचेच दात बघू द्या की," ती म्हणाली. "दोन उरलेत. मेंढरासारखं मोजलं तर तुम्ही मागंच गेला असता, अव्वा."

मला हसू आलं. तिलाही आलं. मग ती म्हणाली, "घरातले नाही म्हणतील. पण उंबऱ्याबाहेर बसला तर मी घालीन."

"मग आत्तापासून घाल. मी मेल्यावर घातलंस तर खायचा न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून भाकरी मी थापायची आणि ती तिने घालायची असं ठरलं. पहिले तीन दिवस कुत्र्याने तिच्या हातचं तोंडात घेतलं नाही. भाकरीपुढे बसून माझ्या दाराकडे बघायचा. मी आतून कडी लावली. तो दाराला पंजाने खरवडायचा, मी पाटावर बसून राहायचे. चौथ्या दिवशी खरवडणं ऐकू आलं नाही. खिडकीतून बघितलं तर तो खात होता आणि ती त्याच्याशी तेलुगूत बोलत होती.

मी त्याला हाक मारणं सोडलं. मुलाकडे चार दिवस पुण्याला जाऊन आले, नाही तर मी जात नसे. परत आले तेव्हा तो तिच्या उंबऱ्याजवळ पडला होता. मला बघून उठला, शेपटी हलवली, जवळ येऊन पिशवीचा वास घेतला आणि परत तिच्याकडे जाऊन बसला. मी कुलूप काढलं, चूल पेटवली, एकटीपुरती भाकरी केली. ठरवलं होतं तसंच झालं होतं. जेवताना ते काही गोड लागलं नाही.

आता तो तिचाच आहे असं गल्लीत म्हणतात. भुंकतो तिच्या दारावरून. ती बाजारात निघाली की मागे जातो. फक्त गोचिड काढायला तो माझ्याकडे येतो. तिला किळस येते, आणि चिमटीत धरून मुळासकट कसं उपटायचं ते तिला माहीत नाही. आठवड्यातून एकदा तो कट्ट्याजवळ येऊन उभा राहतो, मी कान उलटून बघते, बोटांच्या मधून बघते. तेही तिला शिकवायला पाहिजे. दोन-तीनदा ती समोरच बसलेली होती. अजून शिकवलेलं नाही.