शिशाच्या भट्टीवरचे काका

दूध शेगडीवर होतं, नवरा एक मोजा शोधत घरभर फिरत होता, आणि दार सताड उघडं असताना कोणीतरी ते वाजवलं. काकाच असणार, नवरा म्हणाला; उघडं दार वाजवणारा माणूस आमच्या घराण्यात एकच.

काका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. काकू गेल्यापासून एकटेच. आमच्याकडे राहायला या म्हणून आम्ही त्यांचा जीव खाल्ला, तर मागे एकदा आले आणि उंबऱ्यावरूनच परत गेले. आज पुन्हा पिशवी घेऊन उभे होते. दार ते कोपरानं वाजवतात. मनगटं लोंबतात, वर उचलत नाहीत. अंगात भिनलेल्या शिशानं नेली, असं ते दुसऱ्याच कोणाबद्दल सांगावं तसं सांगतात.

उभा जन्म शिशाच्या भट्टीवर गेला. त्यांच्या आजोबांच्या वेळी टेकडीच्या माथ्यावर दगडांचं कोंडाळं रचून त्यात लाकूड आणि खनिज पेटवायचे, आणि वाऱ्याची वाट बघत बसायचे. आजोबांचा साहेब म्हणजे वारा, काका म्हणतात, मनात आलं तर कामावर यायचा. वडिलांच्या काळात भट्टी खाली ओढ्याकाठी आली, भाता पाण्याच्या चाकावर चालू लागला आणि वाऱ्याची मिजास संपली. काका त्याच भट्टीवर लागले. गुडघ्याएवढा दगडी हौद, मागून भात्याचा झोत, पुढे उतरता दगड. लांब सळईनं निखारे ढवळले की वितळलेलं शिसं दगडाच्या खाचेतून चकाकत भांड्यात उतरायचं. धूर मात्र थेट तोंडावर.

त्या धुराची राखाडी पूड अंगावर घेऊन ते घरी यायचे. त्यांची मुलगी उंबऱ्यावरच बिलगायची, सदऱ्याची बाही चोखायची. बाबा गोड लागतात, म्हणायची. काकू हसायच्या. भट्टीवाल्यांच्या सगळ्याच पोरांना ती चव ठाऊक होती. मग मुलगी जेवेनाशी झाली, पोट धरून रडू लागली, शिकलेले शब्द विसरली, आणि एका सकाळी उठलीच नाही.

त्यानंतर भट्टीवर झाकण आलं, टेकडीपर्यंत लांबच लांब धुराडं आलं. पोरांसाठी नव्हे. धुरातून मालकाचं शिसं उडून चाललं होतं, ते धुराड्याच्या भिंतींवर धरावं म्हणून. काका आत शिरून ती पूड खरवडायचे.

"एकदा बोट जिभेला लावून पाहिलं," त्यांनी मला सांगितलं होतं. "गोडच होती."

तेव्हापासून ते स्वतःच्या घराचंही दार वाजवून बाहेर थांबत. आता धावत यायला आहे कोण, काकू विचारायच्या. येते ती, एवढंच काका म्हणायचे.

आज माझी लेक "आजोबा" म्हणत धावली, तसे ते भिंतीला टेकले. मी तिला फ्रॉकला धरून मागे ओढलं. काकांचा सदरा तर धुतलेला, इस्त्रीचा होता. मी तसं म्हटलंही. पण काका माझ्या लेकीकडे पाहतच नव्हते. त्यांची नजर तिच्या शेजारी, तिच्याहून थोडी खाली, चौकटीपाशी खिळली होती. तिथे कोणी नव्हतं. मागे दूध उतू गेलं. वास आला तरी मला हलवेना.

"राहतो मी, सूनबाई," ते म्हणाले. "फक्त दाराबाहेर सदऱ्यासाठी एक खुंटी ठोकून दे. उंच. पोरीचा हात पोचणार नाही अशी."