हिराचं वजन

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं — आईला नाही, नवऱ्याला नाही, मुलाखती घेणाऱ्यांना तर नाहीच. परवा पहिल्यांदा बोलले, तेही जिला आधीच सांगायला हवं होतं तिच्याशी. आता तुम्हाला सांगते.

मी कुस्तीगीर आहे, आणि चांगली आहे. उगाच विनय कशाला? लोधिवलीची पोर मी, चार देशांत मॅटवर उतरले, आशियाई स्पर्धेतून कांस्य घेऊन आले. ते पदक माझ्या खांद्यांनी कमावलंय. पण त्या मॅटपर्यंत मी पोचले कशी?

हिरा माझी सरावातली जोडीदार. भिवपुरीच्या वरच्या ठाकरवाडीतली. आम्ही दोघी त्रेपन्न किलो गटातल्या, म्हणजे त्याहून एक ग्रॅमही जास्त चालत नाही; कर्जतच्या एकाच तालमीत घडलेल्या. तिचा दुहेरी पट असा, की कळायच्या आत दोन्ही पाय तिच्या मिठीत. त्यावर मला कधीच उत्तर सापडलं नाही. आणि निवड चाचणीतून परदेशी जाणार होती एकच.

चाचणीच्या दोन दिवस आधी औषधाच्या दुकानातल्या काट्यावर मी सहज उभी राहिले. तालमीतल्यापेक्षा अर्धा किलो जास्त. दुसऱ्या दुकानात पाहिलं — तेवढंच. म्हणजे तालमीतला काटा कमी दाखवत होता. मी माझं जेवण तोडलं. हिराला सांगायचं विसरले का? नाही. ठरवून गप्प बसले.

निघायच्या सकाळी हिरा तालमीतल्या काट्यावर चढली. बावन्न किलो सहाशे. आदल्या दिवसापासून पाण्याचा थेंब नव्हता, ओठ फुटले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"काटा बरोबर हाय ना गं?"

"हाय," मी म्हणाले.

ती पेलाभर पाणी प्यायली. सावकाश, डोळे मिटून.

पुण्यात पंचांच्या काट्यावर ती दोनशे ग्रॅम जास्त भरली. वजनाची वेळ संपायला अर्धा तास उरला होता. दोन स्वेटर घालून ती धावली, घामाघूम झाली. मग माझ्यापुढे बसली, कमरेपर्यंतची वेणी सोडली आणि म्हणाली, "काप."

कात्री मीच धरली. तेव्हा तरी तोंड उघडायचं — नाही? मी कापत राहिले.

तरी पन्नास ग्रॅम उरलेच. हिरा बाद झाली. तालमीच्या सरांना म्हणाली, "माजीच चूक. तहान आवरली नाय." मी त्या दिवशी सगळ्या कुस्त्या जिंकले. हिरा असती तर? हरले असते. हे मला तेव्हाही माहीत होतं.

पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, सराव सुटला. माझ्या सत्काराला मात्र ती चौक गावी आली होती, नारळ घेऊन.

परवा तिच्या सासरच्या वाडीवर गेले. ती अंगणात वाल सोलत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"म्हंजी, पाणी प्याले त्यात माजी चूक नव्हती?"

"नव्हती."

"बारा वर्सं मी सगळ्यांना तेच सांगत आले." एवढंच बोलून तिनं सूप उचललं आणि आत गेली. दार लावून घेतलं.

मी पायवाटेनं खाली उतरले.