बाबांच्या टेबलावरची बस

आईचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच कुणाच्या तरी कॉम्प्युटरमध्ये होते. माझं कामच ते आहे. पुण्यातल्या ऑफिसात बसायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि कुठल्या तरी गावातल्या अनोळखी माणसाच्या पडद्यावर इथून बाण फिरवत त्याचं अडलेलं काम सुरू करून द्यायचं. सकाळचे साडेअकरा वाजले असतील. आई कामाच्या वेळात कधी फोन करत नाही, म्हणून मी लगेच उचलला. "बाई, तुहे बाबा गेले," ती म्हणाली. कुठे गेले, असं मी विचारलं. खरंच विचारलं... कारण बाबा सकाळी भाजी आणायला जात आणि येताना स्टँडवर हटकून रेंगाळत. आईला रडू फुटलं. हेडफोनमधला गृहस्थ "मॅडम, आहात ना?" असं दोनदा म्हणाला आणि माझा बाण त्याच्या पडद्यावर मधोमध तसाच थांबून राहिला. या गोष्टीला आता सात आठवडे झाले आहेत.

माझे बाबा, देवराव, रिसोडला एसटीचे ड्रायव्हर होते. मालेगाव, शेलूबाजार, कारंजा करत कामरगावला जाणारी फेरी बरीच वर्षं त्यांच्याकडे होती. कामरगाव आमचं मूळ गाव, त्यामुळे सुटी लागली की मी आणि आई त्याच गाडीनं जायचो. मला बॉनेटजवळची जागा मिळायची. इंजिनाच्या धगीनं पाय भाजायचे, तरी मी ती जागा कुणाला देत नसे. बाबा गाडी चालवताना माझ्याशी बोलत नसत. घरातले बाबा थट्टेखोर होते, आईच्या भाजीला नावं ठेवून तीच भाजी दोनदा वाढून घेणारे. स्टिअरिंगवर बसले की ते कुणीतरी वेगळेच होत, आणि मला त्या वेगळ्या माणसाचा फार अभिमान वाटायचा.

निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना डोळ्यांच्या तपासणीत ते नापास झाले. साखरेनं नजर खाल्ली होती. गाडी काढून घेतली गेली आणि उरलेले दिवस त्यांनी डेपोच्या फाटकावर बसून, आत-बाहेर करणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहीत काढले. त्याबद्दल ते कधी तक्रार करत नसत, पण बोलणं कमी झालं. निवृत्तीनंतर तर फारच. आमचं घर स्टँडपासून लांब नाही. दुपारी पडल्या पडल्या ते नुसत्या आवाजावरून कुठली गाडी निघाली ते सांगत आणि मग भिंतीकडे कूस वळवत. डॉक्टरांनी स्कूटरलासुद्धा मनाई केली होती. आई फोनवर म्हणायची, "याईले काहीतरी लावून दे बाई हाताले, हे असे नाही राह्यत."

म्हणून मी दिवाळीच्या रजेत त्यांना कॉम्प्युटर बांधून दिला. तयार घेतला असता तर एवढं काही घडलंच नसतं, पण मला हौस होती. काही भाग कुरिअरनं मागवले, ग्राफिक्स कार्ड एका सहकाऱ्याकडून जुनं घेतलं, आणि टेबलाला घट्ट बसवता येईल असं पेडलवालं खेळातलं स्टिअरिंग मी पुण्याहून मांडीवर घेऊन आले. दोन दिवस आम्ही बापलेक जमिनीवर सगळा पसारा मांडून बसलो होतो. बाबांनी आईच्या स्वयंपाकघरातल्या सहा वाट्या आणल्या आणि प्रत्येक मापाचे स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवले. आई वाट्यांवरून चिडली, पण मनापासून नाही. मी प्रोसेसर हातात घेतला तेव्हा बाबांनी विचारलं, याचं इंजिन कुठलं. मी म्हटलं, हेच. त्यांनी तो बिस्किटाएवढा चौकोन चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, एवढ्यावर चालते? किती तरी दिवसांनी मी त्यांना असं हसताना पाहत होते.

खेळ बस चालवण्याचा होता. रस्ते परदेशातले, पाट्या परक्या भाषेतल्या. बाबांनी पहिल्याच दिवशी त्यांना आपली नावं देऊन टाकली. ज्या गावातून बस सुटायची ते रिसोड, पुढच्या पुलापलीकडचं मालेगाव, आणि दोन तासांनी जिथे रस्ता संपायचा ते कामरगाव. बसण्याआधी ते फडक्यानं पडदा पुसत, जशी गाडीची काच पुसावी तसा. त्यांना सगळं वाचता यावं म्हणून मी कॉम्प्युटर मराठीत करून दिला आणि पुण्याला परतले. पंधरा दिवस फोनवर बसशिवाय दुसरा विषय नव्हता. मला वाटलं, आपण आयुष्यात एक तरी गोष्ट बरोबर केली.

मग नवलाई ओसरली आणि ते गाडीचे गचके सांगायला लागले. डेपोत फेरी संपली की ड्रायव्हरनं गाडीचा दोष मिस्त्रीला सांगायचा असतो, बाबा मला तसंच सांगत. चढाला पिकअप नाही. वळणावर अडकते. समोरचा ट्रक मध्येच नाहीसा होतो आणि एकदम नाकासमोर उगवतो. दर रविवारी दहा वाजता मी फोन करायची आणि एकेक शक्यता तपासायची. आधी पडद्याची वायर ग्राफिक्स कार्डाच्याच खाचेत आहे ना ते पाहायला लावलं. मेमरीच्या पट्ट्या काढून पुसून परत बसवायला लावल्या. झाकण उघडून पंख्यावरची धूळ उडवायला सांगितली, ग्राफिक्स कार्डाचं सॉफ्टवेअर नव्यानं घालायला लावलं, घरातला वीजदाब मोजायला लावला. बाबा मोबाइल आईच्या हातात देत आणि मी सांगेन ते शांतपणे करत. एकदा मी विचारलं होतं, "बाबा, तुमी काही बिघडवलं तर नाही?" ते म्हणाले, "नाही बाई. मी कायले बिघडवू?"

एका रविवारी मी इथूनच त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरले. बस चालू होती, गचके मला स्वतःला दिसत होते. प्रोसेसर किती राबतोय ते पाहिलं, तर आलेख साठ टक्क्यांच्या वर जायलाच तयार नव्हता. मी म्हटलं, बरं, म्हणजे याच्यात अजून जोर शिल्लक आहे, दोष याचा नाही. दिवसभर लोकांची दुखणी निस्तरणारी मी, पण तो आलेख साठावरच का थांबतो हा प्रश्न मला पडला नाही. मग मी खेळाचंच ओझं उतरवलं. सावल्या बंद केल्या, रस्त्याकडेची झाडं काढून टाकली. बस थोडी सुधारली. पुढच्या रविवारी विचारलं तर बाबांनी झाडं परत लावली होती. झाडांशिवाय रस्ता ओळखू येत नाही म्हणाले. मी वैतागले. गिऱ्हाईक म्हणून बाबा फार अवघड होते.

त्यानंतरचं सांगायला मला लाज वाटते, पण ते गाळून हे लिहिण्यात अर्थ नाही. ऑफिसात कामाचा डोंगर होता, दोन रविवार मी फोनच केला नव्हता. तिसऱ्या रविवारी बाबांनी स्वतः केला. ते म्हणाले, "एक दिवस ये न् बाई. माह्या बाजूले बस, मी चालवतो, तू पाह्यजो. तुले समजन." मी म्हटलं, "बाबा, खेळच आहे ना तो. तेवढ्यासाठी मी रजा कशी काढू?" ते "बरं बाई" म्हणाले आणि आईला फोन दिला. त्या दिवसानंतर बसचा विषय त्यांनी काढला नाही. मी एकदा आपणहून विचारलं तेव्हा, चांगली चालून राह्यली, एवढंच म्हणाले. मी ते खरं मानलं. खरं मानणं सोयीचं होतं. पुढच्या महिन्यात जाऊ, असं मी तीन महिने म्हणत राहिले, आणि चौथ्या महिन्यात त्यांच्या हृदयानं माझी वाट पाहिली नाही. भाजीची पिशवी दारात ठेवून ते खुर्चीवर बसले आणि तिथेच गेले.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला घर माणसांनी भरलं होतं. बाबांसोबत अनेक वर्षं फेरी केलेले कंडक्टर शेषराव काका बुद्धवंदना झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसले. ते बाबांच्या डिझेलच्या सरासरीबद्दल बोलत होते. एसटीत कुठला ड्रायव्हर एका लिटरमध्ये गाडी किती पळवतो याच्यावर लक्ष असतं, आणि त्यात बाबांना वर्षानुवर्षं कुणी गाठू शकलं नव्हतं. रस्ता मोकळा असला तरी त्यांचा काटा साठाच्या पुढे जात नसे. मागून कारंज्याचे व्यापारी ओरडत, पोरं टिंगल करत, बाबा ढिम्म राहत. काका म्हणाले, "त्याले नवी गाडी भेटली का पयले मिस्त्रीकडं नेत जाय. म्हने, हिचा पंप कमी करून दे, लय पेते. गाडीचा जोर कमी झाला तरी चालन, पन डिझेल वाया नाही गेलं पाह्यजे. असा मानूस होता तो." सगळे हसले, मीही हसले. हसता हसताच मला तो साठावर अडलेला आलेख आठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे गेल्यावर मी बाबांच्या टेबलाशी बसले आणि मी कधीच न पाहिलेली एक जागा उघडली. विजेच्या बचतीची सोय. मीच मराठीत करून दिलेला 'बचत' हा शब्द त्यांना दिसला असणार आणि त्यांनी विश्वासानं आत पाऊल टाकलं असणार. प्रोसेसरला जास्तीत जास्त किती राबू द्यायचं, असा एक रकाना तिथे असतो. तो शंभर असतो, त्याला कुणी हात लावत नाही. बाबांनी तिथे साठ लिहिलं होतं. नव्या गाडीचा पंप कमी केला होता. मला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय होतं? चांगला ड्रायव्हर पहिल्या दिवशी जे करतो तेच त्यांनी केलं होतं. मी वायर विचारली, धूळ विचारली, वीजदाब विचारला, बिघडवलं का तेही विचारलं. बाबा, गाडी घरी आणल्यावर तुम्ही पहिल्यांदा काय केलं, एवढं मात्र मला विचारायला सुचलं नाही. शेजारी बसले असते तर त्यांची साठाची सवय पहिल्या तासात दिसली असती. ते तेच तर म्हणत होते.

मी साठाचे शंभर केले आणि खेळ सुरू केला. एक गचका नाही. बाबांची सगळी झाडं, त्यांच्या सावल्या, पुलाचे कठडे, सगळं लोण्यासारखं सरकत होतं, आणि मला ते बघवेना. मी नुसता पाय दाबून ठेवला. आई कधी दारात येऊन उभी राहिली ते कळलं नाही. ती म्हणाली, "हळू चालव. त्याईनं कधी येवढी नाही पळवली." मी थांबले आणि तिला विचारलं, शेवटपर्यंत गचके देत होती का. हो म्हणाली, रोज देत होती. मग तिनं सांगितलं की स्टँडसमोरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यानं दोनदा विचारलं होतं, येऊन पाहू का म्हणून. दोन्ही वेळा बाबांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. "म्हने, माह्या पोरीनं बांधलेली गाडी हाय, तिले दुसऱ्याचा हात नाही लागू देनार. पोरगी येईन तवा पाहीन."

मी खूप रडले. आईनं रडू दिलं. मग मी त्या जागी परत गेले आणि शंभराचे साठ करून ठेवले. स्वयंपाकघरातली खुर्ची आणून आईसाठी शेजारी मांडली. आजवर तिनं हा खेळ फक्त मोबाइल धरून उभ्यानं पाहिला होता, त्यामुळे आधी नको म्हणाली, मग बसली. मी रिसोडहून बस काढली. चढाला पिकअप नव्हता. वळणावर ती अडकत होती, समोरचे ट्रक नाहीसे होऊन नाकासमोर उगवत होते, आणि प्रत्येक गचक्याला आम्ही दोघी थोड्या पुढे झुकत होतो. मालेगाव गेलं, शेलूबाजार गेलं, कारंजा गेलं. आई बाहेर पाहावं तशी पडद्याच्या कडेला पाहत बसली होती. दोन तासांहून जास्त वेळ लागला. रस्ता संपला तिथे मी गाडी बाजूला घेतली, ब्रेक लावला आणि म्हटलं, कामरगाव आलं. आईनं पदर सावरला आणि उतरायला उठून उभी राहिली.