रक्त न्यायला येणारा पावणा

दोन हजार सालानंतर कधीतरी वडील मोटारसायकलवरून पडले आणि नारायणगावच्या एका दवाखान्यात चार दिवस बेशुद्ध होते. पुण्यातल्या कसल्याशा संशोधनासाठी एक माणूस रोज सकाळी त्यांचं रक्त न्यायला यायचा. खांद्याला बर्फाचा डबा, आणि बेशुद्ध माणसाशीसुद्धा अदबीनं बोलणं. "काका, जरा टोचतोय हं. माफ करा."

आईला त्याचा राग यायचा. "मार डोक्याला लागलाय, आन् तुमी रगात हातातनं काढताय व्हय?"

"मावशी, वरचा बांध फुटला की पाणी खालच्या वावरात दिसतं ना? तसं मेंदूला इजा झाली की त्यातलं एक प्रोटीन रक्तात उतरतं. किती उतरलं ते आमी मोजतो."

"मंग हे बरं व्हतील का?"

तो डब्याचं झाकण उगाच दाबत राहिला. "आकडा रोज कमी व्हतोय, ते चांगलंय. पण ही तपासणी अजून नवी हाय, मावशी. खोटा भरवसा नाय देणार."

त्या दिवसापासून आई त्याच्यासाठी चहा झाकून ठेवू लागली. नाव मात्र आम्ही कुणी विचारलं नाही.

पाचव्या सकाळी सुई टोचताच वडिलांनी डोळे उघडले आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एकही शिवी अडखळली नाही. तो हात जोडून उभा राहिला, तोंडभर हसत. जन्मभर त्या शिव्यांवर चिडलेली आई डोळे पुसत म्हणाली, "पावणं, जरा थांबा. ह्यांना अजून बोलू द्या."