गुडघ्यावरचं लुगडं

आमची ही गेली त्या दुपारी आम्ही दोघं पडवीत बसून कापा फणस फोडत होतो. "तोंडात कमी आणि पातेल्यात जास्त टाका," म्हणाली. मग म्हणाली, "ती बंदरावरची केस लिहून ठेवा. सांगताना दरवेळी माझा भाग गाळता." नंतर जरा आडवी झाली. चहाला हाक मारली, तर उठली नाही.

म्हणून लिहितोय. ती केस तशीही मनातून कधी गेली नव्हती. मी सातवी शिकलेला माणूस, पोलीस जमादार म्हणून रिटायर झालो. जन्मभर पंचनामे लिहिले, तसंच हे. नावं देणार नाही.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. रत्नागिरीजवळच्या एका बंदरावर माझं ठाणं होतं. तिथली एक पोरगी, वीस-बावीसची, नवरा मुंबईला कामाला. सकाळी होड्या लागल्या की पाण्यात उतरून मासळीच्या पाट्या किनाऱ्यावर आणायची. एके दिवशी जाळी ठेवायच्या खोपीत तिच्यावर जबरदस्ती झाली. करणारा एका लाँचमालकाचा पुतण्या.

ती सासूला घेऊन फिर्याद द्यायला आली. फौजदारांनी पहिलाच प्रश्न टाकला, "लुगडं कुठवर होतं?" बाहेर गावातले मोठे लोक उभे. त्यातला एक तिला ऐकू जाईल असं बोलला, "मांड्या दाखवत फिरायचं आणि वर पोरांना दोष द्यायचा." पोरगी उठली. "मला काय सांगायचं नाय. घरी जाते."

फिर्याद नाही, तर तपास नाही. पुतण्या बाजारात मोकळा फिरत होता.

घरी जेवताना मी हिला सांगितलं. ही मूळची बंदरावरचीच. पोलिसाशी लग्न झालं आणि पाचवारी नेसायला लागली. वाढता वाढता थांबली. "आणि तुम्ही काय केलंत?"

"साहेब विचारत होते. मी काय करणार?"

"साहेबांना म्हणावं, एकदा पाण्यात उतरून बघा." मग भात पुन्हा वाढला नाही.

दोन-तीन दिवसांनी होड्या लागल्या आणि एकही बाई पाण्यात उतरली नाही. झाडून सगळ्या ठाण्याच्या आवारात येऊन बसल्या. म्हाताऱ्या पुढं, लेकीसुना मागं, आणि सगळ्यांची लुगडी गुडघ्याच्या वर खोचलेली. फौजदार म्हणाले, "जमादार, हटवा यांना."

मी पुढं गेलो, तर दुसऱ्या रांगेत ही. आईचं जुनं लुगडं नेसलेली, तसंच वर खोचून.

"तू इथं काय करतेस?"

"रिपोर्ट द्यायला आलेय, जमादारसाहेब. माझंही लुगडं वर आहे. उद्या कोणी हात टाकला तर चूक माझीच, असं आजच लिहून घ्या."

बाया हसल्या. मलाही हसू आलं, ते मिशीत दाबलं. पुढची एक म्हातारी फौजदारांना म्हणाली, "सायबा, पाण्यातून पाटी आणायची तर लुगडं वर घ्यावं लागतं. तुला वाईट दिसतं ना? मग आज तू उतर. आम्ही बसतो हितं सावलीला."

ऊन चढलं. होड्यांतली मासळी नरम पडायला लागली. शेवटी लाँचमालक मंडळीच हात जोडत आली, "साहेब, काय ते लिहून घ्या एकदाचं." फौजदारांनी पोरीला बोलावणं धाडलं. ही तिच्याजवळ बसली, तिचा हात धरून. फिर्याद पुरी झाली. लुगड्याचं कोणी विचारलं नाही.

पुतण्याला आणलं. तो म्हणाला, "मी त्या दिवशी इथं नव्हतोच, लांब नाटे गावी होतो." साक्षीला दोन माणसंही तयार ठेवलेली. मी त्याला व्हरांड्यात बसवून चहा दिला. मारलं की माणूस खोटंच जास्त बोलतो. समोरचा आपल्या बाजूचा वाटला की मात्र सैल सुटतो.

म्हटलं, "या बायांनी डोकं उठवलंय रे."

"बघा ना जमादार. लुगडं पार वर खोचून खोपीत शिरली. मी डोळ्यांनी बघितलं ना."

"नाट्याहून दिसलं?"

त्यानं कप खाली ठेवला आणि वळून बघितलं. फौजदार मागं दारातच होते. ही गोष्ट बंदरावर पसरली तशी नाट्याच्या साक्षीदारांनी माघार घेतली, आणि खोपीजवळ त्याला पाहिलेले दोन खलाशी जबाब द्यायला आले. कोर्टात शिक्षा झाली.

त्यानंतर बाईनं काय नेसलं होतं, हे मी कुठल्याच केसमध्ये विचारलं नाही, हाताखालच्यांनाही विचारू दिलं नाही. त्यानं काय केलं, एवढंच विचारायचं. ज्याला आपलं कृत्य लपवायचं असतं तोच कपड्यांवर बोलतो. हे मला खात्यानं शिकवलं नाही, घरच्या माणसानं शिकवलं.

ती पोरगी आता नातवंडांची आजी आहे. आम्ही बंदर सोडून वरच्या गावात राहायला आलो, तरी ती एसटीनं मासळी घेऊन यायची. तिच्या डोक्यावरची पाटी उतरवायला ही अंगणात जायची आणि मग दोघींचं हसणं माजघरापर्यंत यायचं. मी कधी उठलो नाही.

ही गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून तिची हाक आली, "मावशे." तिला कोणी कळवलं नव्हतं. मी उठून बाहेर गेलो आणि दोन्ही हात लावून तिची पाटी खाली उतरवली.