दुसऱ्या चिठ्ठीचा शब्द

चहाआधी कोपरापर्यंत हात धुणे. चष्म्याची मोडलेली काडी टाके घालायच्या दोऱ्याने बांधणे. वर्तमानपत्र उभ्याने वाचणे आणि चुकलेल्या शब्दाखाली नखाने रेघ ओढणे. आजारी गाईला ‘अहो बाई’ म्हणणे, दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांना मात्र ‘काय रे’.

हे आमचे कंपाउंडरकाका. गुरांच्या दवाखान्यात चौतीस वर्षं. या मंगळवारी गेले. त्यांच्याविषयी भूतकाळात लिहायला मला अजून जमत नाही, आणि माझं शिक्षण भाषेतच झालं आहे.

ओळख भांडणातून झाली. खाली दवाखाना, वर आमची शब्दकोशाची कचेरी. तिथे मी मदतनीस, आणि ‘ह’ हे अक्षर माझ्या गळ्यात. एकदा जिन्यात त्यांनी माझ्या हातातली कोशाच्या नोंदीची चिठ्ठी वाचली : ‘हंबरणे – गाईचे ओरडणे.’

“हे कुणी लिहिलं?”

“मी.”

“गाय कधी ऐकलीयेस?”

मी त्यांना संस्कृतातला ‘हम्भा’ सांगितला. आवाजाच्या नकलेतून शब्द कसे घडतात, तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“छान. गाईला कळवलंय का हे कुणी?”

मग दंडाला धरून मला मागच्या गोठ्यात नेलं. नुकती व्यालेली गाय होती, वासरू तिच्या पायाशी. काकांनी माझा हात तिच्या गळ्याखाली दाबून धरला. तिचं तोंड मिटलेलं होतं आणि माझा तळहात थरथरत होता.

“हा तुझा ‘हं’. लेकरू जवळ असलं की एवढंच. याला ओरडणं म्हणतोस, एम.ए.? लेकरू दिसेनासं झालं की तोंड उघडतं. तो हंबरडा. दोन वेगळ्या चिठ्ठ्या कर.”

परतताना माझा नवा बूट शेणात गेला.

“झाला पदवीदान समारंभ,” काका म्हणाले.

संपादक म्हणाले, “‘ह’ शनिवारी छापखान्यात जाणार. बदल हवा असेल तर लेखी आणा.” काकांनी औषधाच्या लेबलांच्या पाठीवर लिहायला घेतलं. ‘हंबरणे’ची चिठ्ठी सोमवारी दिली. माझी प्रत्येक ओळ खोडणाऱ्या संपादकांनी तिच्यातला एक शब्दही बदलला नाही.

“दुसरी उद्या,” काका म्हणाले.

मंगळवारी दुपारी दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्याच ते गेले.

घरी त्यांची आई होती, नव्वदीची. लेकाला आणून ठेवलं, तेव्हा ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. तोंड मिटलेलं, गळ्यात नुसती घुमघुम. मी शेजारीच बसलो होतो. मग त्याला उचललं. दाराबाहेर नेलं. वळणावर तो दिसेनासा झाला, आणि तिचं तोंड उघडलं.

मी, साहित्याचा पदवीधर, त्या क्षणी खिशात पेन चाचपत होतो.

काल डॉक्टरांनी काकांच्या खणातलं लेबल आणून दिलं. पुढच्या बाजूला ‘दिवसातून दोनदा, पाण्यातून’, पाठीवर अर्धवट राहिलेली दुसरी चिठ्ठी. उद्या शनिवार. संपादक म्हणतात, “उरलेले चार शब्द तूच घाल, आता ऐकलंयस ना?” सकाळपासून लेबल टेबलावर आहे. माझ्या पेनाचं टोपण लागलेलंच आहे.

‘हंबरडा – वासरू दिसेनासे झाल्यावर गाईने तोंड