बाबांना विचारलेला प्रश्न

अंगणात मोहफुलं वाळत घातली की त्या उग्र गोड वासाने मी अजूनही बेचैन होते. नव्वदच्या दशकातला तो उन्हाळा आठवतो. धानोऱ्याजवळच्या आमच्या गावातल्या सुमनकाकू मोहफुलं वेचायला गेल्या असता जंगलात त्यांचा खून झाला होता, आणि खुनी सापडत नव्हता.

भर दुपारी शेजारचे देवाजीभाऊ पाणी मागायला आले. मायने दार उघडलंच नाही. "बाई, मी देवाजी होय. काऊन भेता?" म्हणत ते उन्हात थोडं थांबले आणि निघून गेले.

मग बाबा आले. माय कडीवर हात ठेवून आतूनच म्हणाली, "सुमन गेली त्या सकारी तुमी कुठी होते?"

मग बाबा हळू म्हणाले, "तलावावर जाळं टाकून राह्यलो होतो. एकटाच होतो."

मायने कडी काढली, पण मला पोटाशी धरूनच. बाबा रागावले नाहीत. ते बाहेर ओट्यावरच जेवले.

खुनी कधीच सापडला नाही. परवा मी मायला विचारलं, तेव्हा बाबांना दार कसं उघडलंस?

"खोटं बोलनारा मानूस संगं कोनी होतं म्हनला असता," ती म्हणाली.

तेवढ्यावर तिने पुढचा सगळा संसार केला.